जीभ दाखवायला कार्ल्सरूहेला

मे महिन्यात जर्मन माणूस शतावरीपायी खुळा होतो, हे मला भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. आणि मी एकतीस वर्षं मिरजेच्या शाळेत भूगोल शिकवते आहे. रस्त्याच्या कडेला लाकडी टपऱ्या, टपऱ्यांत अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या कोंबांच्या जुड्या, आणि समोर शिस्तीत उभी असलेली रांग. घरी नेऊन सोलतात, उकडतात, वर लोण्याचा पिवळा सॉस ओततात आणि डोळे मिटून खातात. चव? दुधीभोपळ्याला परदेशी शिक्षण दिलं तर तो जसा वागेल, तशी.

"ताई, ही शतावरीच," मधुरा म्हणाली. "मी दोन वर्षं जिचा कल्प दुधातून घेतला ना, तिची सख्खी बहीण."

"मग ही माणसं तर टोपल्यांनी खातात. यांच्याकडे घरटी अकरा पोरं हवीत!"

निखिलराव हसले. मधुराही हसली. पहिल्या दिवशी असं चाललं होतं.

मधुरा माझी धाकटी बहीण. मी चौपन्न, ती एकोणचाळीस. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि माझं सासर गावातच, त्यामुळे ती माझ्या हाताखालीच वाढली. निखिलराव तिचा नवरा, मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. दोघं आठ वर्षं मुलासाठी धडपडत होते. प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ गर्भाशयात ठेवायचा आणि तो रुजतो का, याची वाट बघायची, हे दोनदा करून झालं होतं. दोन्ही वेळा रुजला नव्हता. आता एकच गर्भ शिल्लक होता, गोठवून ठेवलेला. यापुढे नवीन तयार होण्याची आशा धरू नका, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. इथले डॉक्टर सगळंच स्वच्छ सांगतात.

तो ठेवल्यावर रक्ततपासणीपर्यंत तेरा दिवस काढायचे होते. "ते मला एकटीला जमणार नाही, ताई," तिने फोनवर सांगितलं. "तू ये. तुझ्या नकला हव्यात मला." म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जर्मनीला गेले ती सरळसरळ विदूषक म्हणून. अशी भूमिका मला कुणी आयुष्यात इतक्या प्रेमाने देऊ केली नव्हती.

हे सगळं मधुराला विचारून लिहिते आहे. "लिही," ती म्हणाली, "पण सगळं लिही." म्हणून स्टाफरूममध्ये सांगते त्यापेक्षा पुढचंही लिहिते.

मंगळवार, कार्ल्सरूहे

फ्रँकफर्टच्या विमानतळावर मी हरवले, सापडले, परत हरवले; ते सोडून देते. कार्ल्सरूहे हे शहर पंख्यासारखं आखलेलं आहे: मध्ये राजवाडा आणि त्यातून सुटलेले रस्ते. नकाशावर बघताना मला इतका आनंद झाला की मी निखिलरावांना त्यावर पाऊण तास शिकवलं. ते तिथे चौदा वर्षं राहतात. बिचाऱ्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

दवाखान्यातलं काम दहा मिनिटांत झालं. मी बाहेर बसले होते. निखिलराव बाहेर आले आणि शर्टाच्या खिशातून एक राखाडी चित्र काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. त्यात तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका.

"हे बघा, ताई."

"नाक तुमच्यावर गेलंय," मी म्हणाले.

ते इतके हसले की काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. मग त्यांनी चित्र पुन्हा खिशात ठेवलं आणि वरून हात दाबून धरला.

घरी स्वयंपाकघरात एक मोठं मातीचं भांडं होतं. गेले अकरा महिने त्यात चिनी काढा उकळत होता. साली, मुळ्या, वाळकी फुलं आणि लाकडाच्या चकत्यांसारखं काहीतरी. औषधाच्या दुकानातून पुडे बांधून यायचे. निखिलराव रोज सकाळी सहाला उठून तो चढवायचे. पहिलं पाणी चाळीस मिनिटं, दुसरं पाणी पंचवीस, मग दोन्ही एकत्र गाळायचे. इंजिनीअरच ते, भांड्याशेजारी घड्याळ लावलेलं आणि भिंतीवर तक्ता. खालच्या मजल्यावरच्या हेर फोग्ट, म्हणजे श्रीयुत फोग्ट, यांनी जिन्यात चिठ्ठी चिकटवली होती, ती निखिलरावांनी जपून ठेवली होती. मधुराने मला भाषांतर करून दाखवलं: "कृपया स्वयंपाक करताना दार बंद ठेवावे. जिन्याला ओल्या कुत्र्याचा वास येतो. मनःपूर्वक नमस्कार."

"मनःपूर्वक!" मी म्हणाले. "आपल्याकडे शेजारी नमस्कार न घालता भांडतात. केवढा वेळ वाचतो!"

गर्भ ठेवल्या दिवसापासून काढा बंद झाला होता. आता फक्त सुया, लोकरी मोजे आणि कोमट पाणी. दही नाही, बर्फ नाही, कच्ची कोशिंबीर नाही, फरशीवर अनवाणी पाय नाही. हे नियम ऐकताना मला आमची आईच बोलते आहे असं वाटलं. मानेवर वारं बसतं, हेही आईचंच. फरक एवढाच की जर्मन माणूस वाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त घाबरतो आणि तरी दिवसातून दोनदा घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघडून उभा राहतो.

गुरुवार, फ्राउ लिंडनरची खोली

माझा उजवा खांदा चार वर्षं धरलेला आहे. फळ्यावर हिमालय काढून काढून तो गेला, असं माझं मत. हाडांचे डॉक्टर झाले, शेक झाले, तेलं झाली. हात कानाच्या वर जायचा नाही. अंबाडासुद्धा डाव्या हाताने, तोही वाकडा. मधुरा म्हणाली, मला काढा आणि सुया देणाऱ्या फ्राउ लिंडनरना, म्हणजे लिंडनरबाईंना, दाखवू या.

मला वाटलं होतं लाल कंदील असतील, निदान एखादा ड्रॅगन. काही नाही. एक पांढरी खोली, एक उंच टेबल, टेबलावर कागदाची गुंडाळी अंथरलेली आणि कोपऱ्यात कानाचा रबरी पुतळा, त्यावर शेकडो ठिपके. देऊळ आणि विडीचं दुकान शेजारी-शेजारी असावं तसा जळक्या औषधी पाल्याचा वास. फ्राउ लिंडनर साठीच्या, ताडमाड उंच, पायात जाड लोकरी चपला. चीनमध्ये सहा वर्षं शिकलेल्या. डॉक्टर नव्हेत; सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतलेल्या उपचारक. त्यांनी मला तासभर प्रश्न विचारले. झोप कशी, घाम कुठे, तहान कधी, शौचाला कसं. माझ्या नवऱ्याने तीस वर्षांत माझी एवढी चौकशी केलेली नाही. मग डोळे मिटून मनगटावर तीन ठिकाणी बोटं ठेवून त्या ऐकत बसल्या. आणि शेवटी म्हणाल्या, जीभ दाखवा.

मी अशी दाखवली की मागच्या रांगेपर्यंत दिसावी.

"आल्झो!" फ्राउ लिंडनर उठल्याच. मधुराला त्यांनी जवळ ओढलं. "गेनाऊ! अगदी तुझ्यासारखी!"

मधुराने मला समजावून सांगितलं. जिभेवर पातळ पांढरा थर असायला हवा. आम्हा दोघींच्या जिभेवर तो नावालाही नव्हता; सोललेल्या फळासारख्या लाल, उघड्या जिभा. याचा अर्थ शरीरातला ओलावा, थंडावा आटलेला आहे. चिनी लोक त्याला यिन म्हणतात. मधुराचा अकरा महिन्यांचा काढा तो यिन भरून काढण्यासाठी होता. आणि आता बहिणीचीही जीभ तशीच, म्हणजे हे घराण्यातच आहे.

मग मला आडवं करून सुया टोचल्या. खांदा वर, आणि बाईंनी एक सुई टोचली नडगीशेजारी! "बाई, चार मजले चुकलात," मी म्हणाले. मधुराने ते भाषांतर केलं नाही. बाईंनी ती सुई बोटांत फिरवली आणि म्हणाल्या, हात उचला. मी उचलला. तो कानाच्या वर गेला. थोडासाच, पण गेला. मी आनंदाने अशी ओरडले की शेजारच्या खोलीतलं कुणीतरी शिंकायचं थांबलं.

ट्रॅममध्ये मधुराने माझा हात धरला. तिचे डोळे चमकत होते.

"ताई, तुझी जीभ माझ्यासारखीच आहे."

"नशीब. नाक आईसारखं आहे."

"ऐक ना. तुझीही तशीच आहे आणि तुला सुमित झालाच ना? लग्नाला वर्ष व्हायच्या आत. म्हणजे तसल्या जिभेनंही होतं. आणि मी तर अकरा महिने औषधही घेतलंय."

मी तिच्याकडे बघितलं. आठ वर्षांत तिच्या तोंडून कसलंही कारण, कसलाही हिशेब जुळलेला मी ऐकला नव्हता. आज तिचा जुळला होता.

काळं जंगल

शनिवारी निखिलरावांनी आम्हाला श्वार्ट्झवाल्डमध्ये नेलं. नावाचा अर्थ काळं जंगल, आणि ते खरोखरच काळं आहे. सूचिपर्णी वृक्ष इतके दाट की खाली भरदुपारी दिवा लावावासा वाटतो, आणि इतके नीटनेटके की प्रत्येक झाडाला घर क्रमांक दिला असावा. तळ्याकाठी मधुरा डोक्यावर भरली घागर असल्यासारखी चालत होती. गाडीला जरा धक्का बसला की तिचा हात पोटाकडे जायचा आणि निखिलरावांचा पाय ब्रेककडे.

तिथला प्रसिद्ध चेरीचा केक मागवला. त्यात दारू असते, असं समजल्यावर मधुराने तो माझ्याकडे सरकवला. मग निखिलराव म्हणाले, मला गाडी चालवायची आहे, आणि त्यांनीही सरकवला. तीन तुकडे मी खाल्ले. त्यानंतर मी डोंगरातल्या त्या तळ्याला ऑक्सबो सरोवर, म्हणजे नदीच्या तुटलेल्या वळणाचं तळं, म्हणाले, असं ते सांगतात. मी असं म्हणणं शक्य नाही.

रात्री एका छोट्या गेस्टहाउसमध्ये राहिलो आणि रविवारी परतलो. घरी आल्यावर लक्षात आलं की जीभ घासायची माझी तांब्याची पट्टी तिथल्या बेसिनवर राहिली. हे आमच्या घरचं जुनं वळण. सकाळी उठल्याबरोबर पट्टीने जीभ खसाखसा घासायची, मगच चहा. मधुरा लहान असताना मी रोज तिला बेसिनपाशी उभी करायचे. "जीभ दाखव. मागे राहिलंय अजून. घास." तिच्या लग्नात रुखवतात तांब्याची पट्टी मीच ठेवली होती, आणि ती तिने जर्मनीत आणली होती.

"माझी घे," मधुरा म्हणाली.

"छे! दुसऱ्याची पट्टी म्हणजे दुसऱ्याच्या कवळीने जेवणं." चमच्याने प्रयत्न केला, उमासा आला, नाद सोडला.

मंगळवारी एकटीच फ्राउ लिंडनरकडे गेले. त्यांना इंग्रजी येत होतं. नाडी झाली. सुया टोचून झाल्या. मग जीभ झाली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अद्भुत!" त्या म्हणाल्या. "थर परत आलाय! एका उपचारात! मी पंचवीस वर्षं हे काम करते, इतक्या लवकर यिन भरलेला पाहिला नाही."

मला समजायला दोन श्वास लागले. मग मी हसायला लागले. दहा सुया टोचलेल्या बाईने हसू नये. सगळ्या सुया लव्हाळ्यासारख्या डोलायला लागल्या. फ्राउ लिंडनरना वाटलं यिनच वर येतोय. मी त्यांना काही सांगितलं नाही. इतकी चांगली गोष्ट पहिल्यांदा परक्याला सांगून वाया घालवू नये, एवढी शिस्त मला आहे.

बुधवार

दीड दिवस ती गोष्ट मी पोटात ठेवली, घासून-पुसून लखलखीत केली. बुधवारी संध्याकाळी पिठलं-भात होता. वाट बघण्याचे आठ दिवस झाले होते आणि घरात कुणी मोठ्याने श्वास घेत नव्हतं. मला वाटलं, हीच वेळ. मी उठले. फ्राउ लिंडनरची चाल केली, चष्मा पुसणं केलं, डोलणाऱ्या सुया दहा बोटांनी केल्या. "अद्भुत! थर परत आलाय!" आणि मग, अगदी हळू, ते बेसिन आणि त्यावर राहिलेली माझी पट्टी.

निखिलराव कोसळले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, टेबलावर हात आपटले. मी त्यांच्याकडे बघत दुसरा अंक सुरू करणार होते.

"म्हणजे मीही रोज घासते," मधुरा म्हणाली.

निखिलरावांचं हसू एकदम थांबलं नाही; हळूहळू थांबलं, आणि ते जास्त वाईट होतं.

"रोज सकाळी," ती म्हणाली. "उठल्याबरोबर. अकरा महिने. त्यांच्याकडे जायच्या दिवशी तर जास्त नीट."

"अगं, नाडीपण बघतात ना त्या," निखिलराव म्हणाले.

"त्यांनी विचारलं नाही. मलाही सांगायचं सुचलं नाही. दात घासून आले असं कुणी सांगतं का?" तिने ताटातला भात एका बाजूला केला. "मग मी अकरा महिने कशाचं औषध घेत होते?"

मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. बहुतेक विनोदच केला असेन.

"तूच शिकवलंस ना, ताई," ती म्हणाली. आरोप नव्हता तो. आठवण काढावी तसं म्हणाली. मग उठून तिने तिघांची ताटं धुतली.

गुरुवारी ती फ्राउ लिंडनरकडे गेली नाही. शुक्रवारी लोकरी मोजे घातले नाहीत. मी हेर फोग्टची नक्कल केली, विमानतळावरची मी केली, आमच्या मुख्याध्यापिका केल्या. ती बघायची. प्रत्येक नक्कल संपली की "छान" म्हणायची. तिचा जो हिशेब ट्रॅममध्ये जुळला होता तो मी मोडला होता, टाळी घेण्यासाठी, आणि कितीही सोंगं केली तरी तो परत जुळवता येणार नव्हता.

सोमवारी सकाळी तिने रक्त दिलं. दुपारी दोनला फोन आला. निखिलरावांनी स्पीकर लावला. दोन आठवड्यांत मी जर्मनचे वीसएक शब्द शिकले होते. त्या दिवशी एकविसावा शिकले. "लायडर." म्हणजे, दुर्दैवाने. नर्सने तो फार हळू उच्चारला. निखिलरावांनी तिचे आभार मानले आणि सवयीने म्हणाले, तुमचा दिवस छान जावो. फोन ठेवल्यावर ते त्याच वाक्याकडे बघत बसल्यासारखे बसून राहिले.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं: तुम्ही केलेल्या किंवा न केलेल्या कशानेही हे झालेलं नाही. गर्भातच दोष असेल. मधुराने मान हलवली. मला ते वाक्य धरून बसावंसं वाटलं, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

त्याच दुपारी मी पोहे करायला उठले आणि वरच्या फळीवरून डबा काढला. डबा ओट्यावर ठेवताना लक्षात आलं की मधुरा दारात उभी आहे.

"हात गेला की वर," ती म्हणाली.

मी हाताकडे बघितलं. उजवा होता. पूर्ण वर गेला होता, सरळ, चार वर्षांनंतर. त्याच बाईंच्या, तसल्याच सुयांनी. मी तो घाईघाईने खाली घेतला, जसा काही चोरीचा होता.

"राहू दे," ती म्हणाली. "निदान तुझा तरी."

गुरुवार

निघायच्या आधीच्या गुरुवारी मधुराची वेळ पूर्वीच घेतलेली होती. मला वाटलं ती रद्द करेल. तिने कोट घातला आणि म्हणाली, "चल."

फ्राउ लिंडनरना तिने उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. रिपोर्ट सांगितला. मग तांब्याची पट्टी सांगितली, दोघींची. बाईंनी कपाटातून मधुराची फाइल काढली. प्रत्येक भेटीचं एक पान होतं, आणि प्रत्येक पानावर रंगीत पेन्सिलीने काढलेली मधुराची जीभ. लाल, गुळगुळीत, कडेला बारकाईने केलेली छटा. अकरा महिन्यांच्या जिभा. बाई एकेक पान उलटत गेल्या, शेवटपर्यंत. त्यांचे कान लाल झाले होते.

"विचारायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या. "इथे थोडेच लोक घासतात. मला वाटलंच नाही. मी चुकले."

"माझी खरी जीभ दिसली असती," मधुराने विचारलं, "तर वेगळं औषध दिलं असतं?"

"बहुधा."

"मग राहिलं असतं?"

मला वाटलं आता बाई "नाही" म्हणतील. मनातल्या मनात मी त्यांना हात जोडत होते, की नाही म्हणा. नाही म्हटलं तर निदान आमचा दोघींचा दोष जातो. किंवा हो म्हणा, म्हणजे रागवायला तरी जागा मिळेल. आमच्याकडच्या कुणीही काहीतरी म्हटलंच असतं. देवाची इच्छा म्हटलं असतं.

"मला माहीत नाही," फ्राउ लिंडनर म्हणाल्या.

मधुराने कोट काढून खुंटीला अडकवला. मग म्हणाली, "ठीक आहे." तिने बूट काढले आणि कुणी न सांगता टेबलावर जाऊन पडली. कागद चुरचुरला.

"आज कशासाठी, मधुरा?" बाईंनी विचारलं.

"दुखतंय."

"कुठे?"

मधुराने हात उचलला. तो पोटाकडे गेला, तिथे थांबला नाही. वर छातीपाशी आला, मग गळ्याशी, परत खाली, मग टेबलाच्या कडेवर हवेतच राहिला. फ्राउ लिंडनर बोटांत सुई धरून वाट बघत होत्या. मीही. असल्याच वेळी काहीतरी बोलायला मला इतक्या लांबून बोलावलं होतं. मी वाकून तिचे बूट सरळ जोडून ठेवले.

शेवटी मधुराने हात खाली ठेवला. बाईंनी सुई परत ट्रेमध्ये ठेवली, खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसून राहिल्या, तिची वेळ संपेपर्यंत.